वाचणार कोण?

काकूंच्या फोनला घरात स्वतःची जागा होती. खिडकीशी बंद पडलेलं शिलाई मशीन होतं, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, आणि त्या रुमालाखाली फोन. तो हातात घेऊन घरभर फिरणं, जेवताना ताटाशेजारी ठेवणं, उशाशी घेऊन झोपणं हे सगळं त्यांच्या लेखी मुलखावेगळं होतं. सकाळी आंघोळ-पूजा झाली की एकदा आणि दुपारचा चहा झाला की एकदा त्या मशीनपुढे खुर्ची ओढून बसायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या, रुमाल उचलायच्या आणि म्हणायच्या, "बघू, कोण कोण येऊन गेलंय."

मी त्यांची भाडेकरू. अकोल्याहून पुण्याला आले तेव्हा कोथरूडच्या त्या सोसायटीत त्यांच्या आतल्या खोलीत राहायला गेले, आणि मग योगायोगानं कळलं की आम्हा दोघींचा धंदा एकच आहे. घरी बसून भाषांतरं करायची, इंग्रजीचं मराठी. त्या कागदपत्रांची करायच्या, मी मोबाइलच्या ॲप्सची. त्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या, मी कुठल्याच खात्यात कधी न शिरलेली. आता त्या साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या आहेत आणि काम सोडलं आहे असं म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही.

आमच्या धंद्यात काम कुठून येईल सांगता येत नाही. कुणीतरी कुणाला तरी नंबर देतो, अनुवादकांच्या एखाद्या ग्रुपवर तो फिरतो, आणि मेसेज यायला लागतात. 'हाय.' बस, एवढंच. थोड्या वेळानं 'मॅडम आहात का?' मग नुसतं प्रश्नचिन्ह. मग नाव नाही, गाव नाही, एकदम तिरका काढलेला कागदाचा फोटो, काढणाऱ्याच्या अंगठ्यासकट, आणि खाली 'अर्जंट, किती घ्याल?' यावर माझा इलाज सोपा होता. 'हाय'ला उत्तर नाही. अंगठ्याला उत्तर नाही. दुसरं प्रश्नचिन्ह आलं की ब्लॉक.

काकूंना हे अजिबात पटायचं नाही. "तोंडावर दार आपटायचं? आणि तेही कोण आलंय ते न विचारता?"

"पण काकू, हा माणूस काहून आलाय तेच सांगत नाहीये. नुसता हाय म्हणून उभा आहे."

"बावळट आहे. बावळट माणसाला आत बसवतात गं, हाकलत नाहीत."

म्हणून काकू प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. पण मेसेजनं नाही. त्या फोन करायच्या, आणि फोन करायच्या आधी केस विंचरायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, बाहेर निघाल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या, घोटभर पाणी प्यायल्या, मशीनपुढे ताठ बसल्या आणि नंबर लावला. "नमस्कार. आपण काल मला मेसेज केलात. मी अमुक अमुक, राहणार कोथरूड," असं करत सोसायटीचं नाव, इमारत, मजला, जवळचा बसस्टॉप आणि शेवटी "यायचं झाल्यास बेल एकदाच वाजवावी" इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. माझी ओळख दिल्याशिवाय मी समोरच्याची कशी मागू, असा त्यांचा हिशेब. पलीकडचा माणूस गारद. 'हाय' म्हणताना त्याला असं काही होईल याची कल्पना नसायची. कुणी थेट फोन कट करायचा, कुणी घाबरून "सॉरी मॅडम, चुकून लागला" म्हणायचा. एकदा कुणीतरी घरबसल्या कमाई करा, व्हिडिओ लाइक करा असा मेसेज पाठवला होता. मी ओरडले, "काकू, हा चोर आहे, त्याला फोन करू नका." केला. त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, हे काम करताना घरच्यांना काय सांगतोस ते विचारलं. दुपारी चहा झाल्यावर रुमाल उचलून बघतात तर त्याचा फोटो गायब. "मला ब्लॉक केलं गं त्यानं," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

जो कुणी या सगळ्यातून टिकायचा, त्याला मुख्य प्रश्न यायचा. "वाचणार कोण?"

रेट किती, कधी मिळेल, हे सगळं नंतर. आधी हे कोण वाचणार आहे ते सांगा. ते कळल्याशिवाय काकू पेनाचं टोपण काढायच्या नाहीत. काम देणाऱ्या एजन्सीतली कोऑर्डिनेटर पोरगी रडकुंडीला यायची. "मॅडम, क्लायंट रीडर सांगत नाही हो, फक्त वर्ड काउंट सांगतो." "मग क्लायंटला विचारा. नसेल माहीत तर कशाला छापतोय?" त्या पोरीनं पुढेपुढे उत्तरं तयारच ठेवायला सुरुवात केली: शेतकरी वाचणार, नर्स वाचणार, आठवीतली मुलं वाचणार. मला संशय आहे की त्यातली निम्मी ती मनानंच ठोकून द्यायची. काकूंना चालायचं. निदान विचार तरी केला असेल, म्हणायच्या.

मला हा सगळा विक्षिप्तपणा वाटायचा, लिफ्टचं काम आलं त्या दिवसापर्यंत. लिफ्टच्या आत लावायची सूचना होती. इंग्रजीत चांगली पानभर, प्रवाशांना विनंती करण्यात येते की वगैरे. काकूंनी विचारलं, वाचणार कोण? पलीकडचा इसम वैतागून म्हणाला, "कोण म्हणजे? लिफ्टमध्ये अडकलेला माणूस वाचेल." काकूंनी "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला आणि त्याला पाठवलं ते असं: 'घाबरू नका. लाल बटण दाबून धरा. दार ओढू नका. माणूस येतो आहे.' त्याचा लगेच मेसेज आला, मॅडम, इंग्लिशमध्ये बरंच आहे. काकूंनी फोन लावला. "अहो, आपण अडकून पाहा एकदा, मग बोलू." कुणास ठाऊक कसं, पण त्यानं ते मान्य केलं.

म्हणजे काकू मजकूर वाटेल तसा कमी-जास्त करायच्या असं मात्र नाही. शब्द किती वापरायचे ते वाचणाऱ्याकडे बघून ठरायचं. पण त्याच्यापासून एक गोष्ट लपवायची नाही आणि आपल्या पदरची एक गोष्ट घालायची नाही, यात सवलत नव्हती. पदरचं घालण्यावरून तर मी त्यांची बोलणी खाल्ली आहेत. एका ॲपमध्ये 'व्यवहार अयशस्वी' असं यायचं होतं, मला ते फार कोरडं वाटलं म्हणून मी पुढे 'काळजी करू नका' लिहिलं. काकूंनी ते वाचलं. आम्ही एकमेकींचं काम तपासायचो, म्हणजे एकीनं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं मराठीवर बोट ठेवायचं. बोट तिथेच थांबलं.

"हे कंपनीनं लिहिलंय?"

"नाही, पण बरं वाटतं ना वाचणाऱ्याला."

"कंपनीला त्याची काळजी नाही. तू कशाला तिच्या नावानं करतेस? तुला इतकंच वाटत असेल तर त्याला स्वतः फोन कर."

मी खोडलं. रागानंच खोडलं, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण आम्ही न बोलता जेवलो. या हट्टामागे काहीतरी जुनी गोष्ट असणार, कुणाचा तरी घात झाला असणार, म्हणून मी पुष्कळदा खोदून पाहिलं. काही नव्हतं. "असायलाच हवं का?" असं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

मग तो रिपोर्ट आला.

सकाळी रुमाल उचलला तर एका नव्या नंबरवरून हॉस्पिटलच्या रिपोर्टची इंग्रजी पानं आलेली. खाली मजकूर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: मराठी करून हवंय, अर्जंट, शेवटचे दोन पॅरा गाळायचे, रिप्लाय या दुसऱ्या नंबरवर द्या. दुसऱ्या नंबरकडे काकूंनी बघितलंही नाही. दारात जो आला त्याच्याशीच बोलायचं, शेजाऱ्याकडे निरोप ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. केस विंचरले, पाणी प्यायल्या, आणि ज्या नंबरवरून मेसेज आला होता त्याच नंबरला फोन लावला. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते. स्पीकर चालू होता, कारण काकूंना फोन कानाला लावायला आवडायचं नाही.

पलीकडे वयस्कर माणूस होता. आवाज स्वच्छ, सावकाश. काकूंनी बसस्टॉपसकट ओळख दिली, तर त्यांनीही दिली. कसबा पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आता मुलाकडे राहतात, इथेच, कोथरूडलाच. काकूंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत इतकं नीट बोलणारं गिऱ्हाईक त्यांना मिळालं नव्हतं.

"हा रिपोर्ट वाचणार कोण?"

"मीच वाचणार. माझाच आहे. मुलाला म्हटलं, मला मराठीत करून आण, मी स्वतः वाचतो. पेपर मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो हो, इंग्रजी तेवढं जमत नाही."

"मग शेवटचे दोन परिच्छेद का गाळायला सांगताय?"

पंख्याचा आवाज ऐकू येत होता, त्यांच्याकडचा का आमच्याकडचा ते कळत नव्हतं.

"गाळायला?" ते म्हणाले. "बरं. विचारून सांगतो." आणि फोन ठेवला.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्क्रीनवरचा तो दुसरा नंबर त्यांना दाखवला. मग ते शेवटचे दोन परिच्छेद आम्ही वाचले. आजार पूर्ण बरा होणं शक्य नाही, असं त्यात लिहिलं होतं. यापुढचे उपचार त्रास कमी करण्यापुरते असतील, असं लिहिलं होतं. काकूंनी फोन रुमालाखाली ठेवला आणि वर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती.

मुलगा दुपारी आला. बेल एकदाच वाजवली नाही. पस्तिशीचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, ऑफिसातून तसाच निघून आलेला. पत्ता वडिलांनीच दिला होता, कारण काकूंनी तो त्यांना सकाळीच सांगितला होता.

"धिस इज नॉट डन, मॅडम. मी स्पष्ट लिहिलं होतं या नंबरवर रिप्लाय करा म्हणून. हॉस्पिटलमध्ये बाबांचा नंबर दिलाय, म्हणून रिपोर्ट त्यांच्या फोनवर येतो. त्यांना तो उघडता येत नाही, मी तिथूनच फॉरवर्ड करतो आणि चॅट डिलीट करतो. एवढं सगळं सांभाळतोय मी, आणि तुम्ही डायरेक्ट त्यांनाच फोन?"

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "आपण लिहिलं होतंत. मी वाचलं नाही. लोकांनी नीट वाचावं म्हणून जन्मभर भांडले आणि आपला मेसेज मीच नीट वाचला नाही. मला माफ करा."

त्यानं भांडायची तयारी केली होती, माफीची नाही. तो खुर्चीत बसला. मी पाणी आणून दिलं.

"सकाळपासून बोलत नाहीयेत," तो म्हणाला. "एवढंच म्हणाले, पूर्ण आण. आई गेली तेव्हा ते कसे झाले होते ते मी पाहिलंय. खचतील हो ते. तुम्ही एक करा ना, ते दोन पॅरा जरा वेगळे लिहा. ट्रीटमेंट चालू राहील, एवढंच. त्यांना काय कळणार आहे?"

"गाळून मी करत नाही," काकू म्हणाल्या. हे नेहमीचं वाक्य होतं, पण नेहमीचा आवाज नव्हता. "दुसरं कुणी करेल. पुष्कळ आहेत. मी आपल्याला नावं ठेवणार नाही."

"मग तुम्हीच का नाही करत?"

हजरजबाबी बाई, एजन्सीला, लिफ्टवाल्याला, मला गप्प करणारी, पण त्या मुलाला त्यांनी फक्त आणखी पाणी ओतून दिलं. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "मी फोन केला नसता तर त्या गृहस्थांचं काय बिघडलं असतं गं?" मला खरं बोलायची सवय आहे, म्हणून मी म्हणाले, "काही नाही." त्या मान हलवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, पूजा झाली, पण त्या मशीनपाशी गेल्या नाहीत. दुपारी चहा झाला, तरी नाही. त्यानंतरही काही दिवस रुमाल तसाच. एजन्सीतल्या पोरीनं शेवटी मला मेसेज केला, मॅडम बऱ्या आहेत ना? काकूंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "तिला सांग, तुझी पद्धत बरी. शब्द मोज आणि पाठव." मला त्यांचा हट्ट नको होता, पण हट्टाशिवाय त्याही नको होत्या.

मग एका सकाळी मीच रुमाल उचलला. त्या स्वयंपाकघरात होत्या. मी आधी बघितलं आणि मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

'सप्रेम नमस्कार. आपलं परवा बोलणं झालं. मी कसबा पेठेतला भांडीवाला. मुलगा आपल्याकडे येऊन रागावून गेला असं समजलं, त्याचं मनावर घेऊ नये, पोर घाबरलंय. रिपोर्ट पुन्हा पाठवत आहे, उघडायचा कसा ते शेजारच्या मुलीकडून शिकून घेतलं. कृपया सगळा करावा. आपण विचारलं होतंत म्हणून लिहितो, वाचणार मी. कळावे.'

खाली नाव, पत्ता आणि यायचं झाल्यास दुपारी चार नंतर, असं सगळं होतं. इतक्या वर्षांत काकूंना हवा होता तसा मेसेज पहिल्यांदा आला, आणि तो असा आला. त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या, स्वतः वाचला, आणि केस विंचरायला गेल्या. फोन करायचा नव्हता, तरी विंचरले.

तो रिपोर्ट त्यांनी दिवसभर केला. प्रत्येक तपासणीचं नाव सोप्या मराठीत, आकडे जसेच्या तसे, अक्षर मोठं. शेवटी आम्ही तपासायला बसलो. मी इंग्रजी मोठ्यानं वाचत होते, त्या मराठीवर बोट ठेवत होत्या. शेवटच्या परिच्छेदात मी वाचलं, आजार पूर्ण बरा होणं शक्य नाही. मराठी पान माझ्यासमोरच होतं. तिथे लिहिलं होतं, 'आजच्या घडीला आजार पूर्ण बरा होणे शक्य नाही.'

आजच्या घडीला. इंग्रजीत तसं काही नव्हतं. मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचून खात्री केली. काकूंचं बोट त्या दोन शब्दांवरून न थांबता पुढे गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पानाकडेच बघत होत्या. 'काळजी करू नका' वरून मला न बोलता जेवायला लावणारी ही बाई! मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं. आजही वाटतं, बरं केलं.

पान गेलं. संध्याकाळी उत्तर आलं, आणि त्या दिवशी काकू वेळ मोडून मशीनपाशीच बसून होत्या.

'मिळालं. पूर्ण वाचलं, मग मुलाला शेजारी बसवून त्यालाही वाचायला लावलं. तो रडला, बरं झालं. एक विचारायचं होतं. बाकी सगळा कागद कोरडा आहे, डॉक्टर लिहितात तसा. एकाच ठिकाणी 'आजच्या घडीला' असं आहे. ते डॉक्टरांनी लिहिलंय, की आपण?'

मी म्हणाले, "काकू, हो म्हणा. डॉक्टरांनीच लिहिलंय म्हणा. कोण बघतंय?"

"ते बघतायत," काकू म्हणाल्या.

पहिल्यांदाच मी त्यांना फोनवर टाइप करताना पाहिलं. एका बोटानं, फार वेळ. 'ते शब्द मुळात नाहीत. माझ्या पदरचे आहेत. मी तसं करायला नको होतं. क्षमस्व. दुरुस्त पान सोबत पाठवते आहे.' ते दोन शब्द काढून त्यांनी पान पुन्हा पाठवलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. मलाही रडू आलं, मी लपवलं नाही.

उत्तराला वेळ लागला नाही. काकूंनी चष्मा शोधायच्या आतच फोन वाजला, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

'दुरुस्त पान मिळालं, वाचलं. खरं काय ते कळलं. जवळ मात्र पहिलंच ठेवलं आहे.'